शिखर हुकले, शर्यत सुटली नाही



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी यशाच्या कथा सांगण्याचा प्रघात आहे. आजची कथा थोडी निराळी आहे. ज्या शिखराच्या दिशेने एक बेंगळुरूकर तरुण निघाला, ते त्याला लाभले नाही. तरीही त्याने आपली विद्या सोडली नाही आणि त्या विद्येनेही त्याला सोडले नाही. मोटार शर्यतीचे व्यावसायिक चालक अर्जुन मैनी यांची ही वाटचाल आहे.

अर्जुन यांचा जन्म १० डिसेंबर १९९७ रोजी झाला. घराणे बेंगळुरूच्या उद्योजकांचे. काका चेतन मैनी यांनी २००१ साली याच शहरातून ‘रेवा’ ही विजेवर चालणारी छोटी मोटार बाजारात आणली. वडील गौतम मैनी यंत्रभागांच्या उद्योगातले आणि शर्यतींचे जाणकार. हे पाठबळ आरंभीच नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. टायर, इंजिन, मेकॅनिक, परदेशप्रवास यांचा खर्च या खेळात कोटींच्या घरात जातो, आणि उमेदवारीच्या वर्षांत तो बहुधा चालकाने किंवा त्याच्या प्रायोजकाने उभा करायचा असतो. गुणवत्ता हवीच, पण केवळ गुणवत्तेवर येथे दार उघडत नाही.

या शिडीची पहिली पायरी म्हणजे कार्टिंग. जमिनीलगतच्या, बिनटपाच्या इवल्याशा गाडीत मूल वळण ओळखायला शिकते. २०११ साली ग्रेटर नोएडा येथे भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. त्याच वर्षी फोर्स इंडिया संघाने देशभरातून होतकरू मुलांचा शोध घेतला आणि तिघांची निवड केली. त्या तिघांत अर्जुन होते.

पुढे वाट इंग्लंडला गेली. २०१४ सालच्या ब्रिटिश फॉर्म्युला फोर स्पर्धेत अर्जुन उपविजेते ठरले. विजेता होता त्यांच्याच संघातला जॉर्ज रसेल. दोघांना एकाच संघाच्या गाड्या, एकाच कार्यशाळेतले तंत्रज्ञ. त्या वर्षअखेरीस दोघांकडे पाहणाऱ्याला त्यांच्या भवितव्यात फार मोठे अंतर दिसले नसते.

मे २०१७ मध्ये बार्सिलोना येथे अर्जुन यांनी जीपी-थ्री मालिकेतील शर्यत जिंकली. त्या मालिकेत जिंकणारे ते पहिले भारतीय. त्याच वर्षी हास या फॉर्म्युला वन संघाने त्यांना विकास चालक म्हणून घेतले. आता शिखर एका पायरीवर आले होते.

ती पायरी म्हणजे फॉर्म्युला टू. २०१८ साली अर्जुन आणि रसेल पुन्हा एकाच मालिकेत उतरले. मात्र या वेळी संघ निराळे होते. सिल्व्हरस्टोन येथे शर्यत संपल्यानंतर अर्जुन यांच्या गाडीला त्यांच्याच संघातील सहकाऱ्याने मुद्दाम धडक दिली आणि त्याबद्दल त्याच्यावर चार शर्यतींची बंदी आली. वर्षअखेरीस रसेल विजेता ठरला आणि २०१९ साली फॉर्म्युला वनमध्ये दाखल झाला. अर्जुन गुणतालिकेत बरेच खाली राहिले. फॉर्म्युला वनमध्ये तेव्हा सगळ्या जगाला मिळून जागा होत्या वीस.

पालकहो, या कथेतला खरा प्रश्न येथे उभा राहतो. बालपणापासून एकाच ध्येयासाठी घडवलेल्या मुलाने एकविसाव्या वर्षी काय करावे?

अर्जुन यांनी वाहन बदलले, विद्या बदलली नाही. २०१९ साली ते ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरले. तेथे तीन चालक आळीपाळीने एकच गाडी चालवतात. आसन, ब्रेक, गाडीची मांडणी तिघांनाही मानवेल अशी ठेवावी लागते. स्वतःचा वेग दाखवण्याइतकेच महत्त्व गाडी पुढच्याच्या हाती धडधाकट सोपवण्याला असते. एकट्याने जिंकण्याचे शिक्षण घेतलेल्याला हा धडा नव्याने गिरवावा लागतो. २०२१ च्या आरंभी आशियाई ल मान्स मालिकेत नारायण कार्तिकेयन, नवीन राव आणि अर्जुन अशा तीन भारतीयांनी मिळून एक गाडी चालवली. कार्तिकेयन हे २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये पोहोचलेले पहिले भारतीय. ज्येष्ठ आणि कनिष्ठ पिढी एकाच आसनावर आळीपाळीने बसली.

त्याच वर्षी अर्जुन जर्मनीच्या प्रतिष्ठित डीटीएम मालिकेत उतरणारे पहिले भारतीय ठरले. प्रथम मर्सिडीज आणि २०२५ पासून फोर्ड, अशा गाड्या ते तेथे चालवत आले. धाकटे बंधू कुश यांनी मे २०२५ मध्ये मोनॅको येथे फॉर्म्युला टूची छोटी शर्यत जिंकली. तेथे जिंकणारे ते पहिले भारतीय. थोरल्याने तुडवलेली वाट धाकट्याला ओळखीची होती.

आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मागे उद्योगसमूह उभा नसतो. म्हणून घर गहाण ठेवून मुलाला शर्यतीत उतरवा, असा या कथेचा बोध नव्हे. प्रत्येक शर्यतगाडीमागे अभियंते, मेकॅनिक, माहितीचे विश्लेषक, वैद्यक, मार्शल अशी माणसांची फळी असते, आणि त्या फळीत विद्येच्या बळावर शिरता येते. सार्वजनिक रस्त्यावर भरधाव जाणे ही मात्र या विद्येची कोणतीच पायरी नव्हे. खरा चालक वेगाइतकाच ब्रेकचा अभ्यास करतो.

दहावीचा निकाल, प्रवेश परीक्षा, नोकरीची निवड, अशा प्रत्येक ठिकाणी जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ असतात. यादीत नाव न आलेले मूल त्या संध्याकाळी घरी परत येते. त्याला ‘आता पुढे काय?’ असे विचारताना आवाजात निकाल नसावा, कुतूहल असावे. कारण त्याने इतकी वर्षे जे कमावले, ते त्या यादीने हिरावून घेतलेले नसते.