‘म’ आलं, आता नाव काय ठेवू?

आम्ही ठाकूरद्वारच्या बायका. बारसं ठरलं की आमच्याकडेही पहिला प्रश्न हाच, अक्षर कोणतं आलं? ‘म’ आलं की मंगल, मनीषा, माधुरी.

शेजारीच खोताची वाडी. तिथल्या ख्रिस्ती घरांतली नावं पोर्तुगीजांच्या काळापासूनची. स्पेनमध्येही तशीच चालतात. त्यांतली ‘म’ची बघा. मारिया हे येशूच्या आईचं नाव, मूळ हिब्रू मिर्यम. मार्था म्हणजे घरची मालकीण, शब्द अरामी भाषेतला. मर्सिडीज म्हणजे कृपा. त्या महागड्या मोटारीला एका व्यापाऱ्याच्या लेकीचंच हे नाव दिलंय. मिलाग्रोस म्हणजे चमत्कार. गोव्यात म्हापशाची मिलाग्रिस सायबीण आहे ना, तिला हिंदू बायका लईराई देवीची बहीण मिराबाई मानतात.

मालकीण, कृपा, चमत्कार! लेकीला हाक मारायची तर अशी. आणि आपल्याकडे मुलगा हवा होता म्हणून पोरीचं नाव नकुशी. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून जास्त मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. तोवर त्या शाळेत रोज हजेरीला ‘नको’च ऐकत होत्या.

तेव्हा बायांनो, अक्षर कोणतंही येवो, आधी अर्थ विचारा. जन्माची नोंद २१ दिवसांत करा. नाव ठरलं नसेल तर वर्षाच्या आत दाखल्यावर चढवा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि गटात कुणी नकुशी असेल, तर तिला आवडेल ते नाव तिलाच निवडू द्या. आपण सगळ्यांनी त्याच नावाने हाक मारायची.