घराचा सांगाडा आणि अभियंत्याचा मेहनताना
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आपल्यातील कित्येक कुटुंबे निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पुंजीतून गावी स्वतःचे घर बांधू इच्छितात. फरशी कोणती घालावी, दार सागवानी असावे की नसावे, यावर घरोघरी महिनोन्‌महिने खल होतो. परंतु खांब केवढा असावा व त्यात सळई किती घालावी, हे ठरविणाऱ्या स्ट्रक्चरल इंजिनियरला काय द्यावे आणि कशाबद्दल द्यावे, याचा विचार क्वचितच होतो. माझे आयुष्य याच व्यवसायात गेले. म्हणून त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा घेतो.

मेहनताना आकारण्याच्या रीती मुख्यतः तीन आहेत. पहिली क्षेत्रफळावर, म्हणजे दर चौरस फुटास अमुक रुपये. ही समजण्यास सोपी. मात्र मोठ्या इमारतीत एका मजल्याचे गणित पुढील मजल्यांसही बव्हंशी उपयोगी पडते. स्वतंत्र घरात जिना, गच्ची, पाण्याची टाकी, ओसरी या प्रत्येकाची आकडेमोड निराळी. म्हणून लहान घराचा दर अधिक पडतो. त्यात लबाडी नसते. दुसरी रीत खर्चावर शेकडा अमुक. हिच्यात एक विसंगती आहे. जो अभियंता विचारपूर्वक सळई वाचवितो, त्याचाच मेहनताना घटतो! तिसरी रीत कामांची यादी करून ठोक रक्कम ठरविण्याची. एकट्या घरासाठी मला हीच बरी वाटते.

चौथीही एक रीत आहे. ती म्हणजे “डिझाइन आमच्याकडून फुकट” असे सांगणाऱ्या कंत्राटदाराची. समजा, घर १५०० चौरस फुटांचे आहे. फुटास २० रुपये धरले, तर मेहनताना ३०,००० रुपये होतो. तो वाचविला आणि अंदाजाने काम करताना फुटामागे एकच किलो सळई जास्त पडली, तर १५०० किलो झाली. किलोस ६० रुपये दराने ९०,००० रुपये. शिवाय अधिक सळई म्हणजे अधिक बळकटी असेही नाही. ती योग्य जागी असावी लागते.

येथे मला स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. एका गृहस्थांनी खर्च कमी करण्यासाठी माझ्या बांधकामावरील भेटी यादीतून गाळल्या, आणि मीही भिडेस्तव मान्य केले. पुढे सहज तिकडे गेलो असता वरच्या मजल्याच्या खांबांची सळई बांधून झालेली दिसली. खांब-तुळईच्या सांध्याजवळ नकाशात रिंगा चार इंचांवर होत्या. प्रत्यक्षात त्या आठ इंचांवर बांधलेल्या. “खालीही अशाच घातल्या,” असे मिस्त्री निर्विकारपणे म्हणाला. खालचे खांब तर ओतून झाले होते. त्यांच्याभोवती नव्याने सळई बांधून काँक्रीटचे वेष्टण द्यावे लागले. त्या खर्चापुढे भेटींची रक्कम क्षुल्लक होती.

रिंगांचे एवढे काय, असे कोणी विचारील. भूकंपात खांब हेलकावतो, तेव्हा आतले काँक्रीट व उभ्या सळया धरून ठेवतात त्या रिंगाच. आपला गाव सुरक्षित आहे, असेही मानू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी उद्ध्वस्त झाली, तेव्हा भूकंपनकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याचा मानलेला होता. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात तर दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत सिमेंट-सळईच्या बहुमजली इमारती कोसळल्या.

तात्पर्य, करार लेखी करावा. त्यात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात: माती परीक्षणाचा खर्च कोणाचा, पाया, खांब, तुळया, स्लॅब, जिना व टाकी यांचे कोणते नकाशे मिळणार, पुढे मजला चढवावयाचा असल्यास त्याचा भार आताच धरला आहे काय, मध्येच बदल केल्यास आकार किती, आणि प्रत्येक वेळी काँक्रीट ओतण्यापूर्वी अभियंता स्वतः सळई पाहील की नाही. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत, परंतु या शेवटच्या कलमात काटकसर करू नये.

घराचा रंग पुन्हा देता येतो, फरशी उखडून नवी घालता येते. ओतलेला खांब मात्र सहज उघडून पाहता येत नाही. आपली मुलेबाळे ज्या छपराखाली निजणार, त्याचा हिशेब डोळसपणे व्हावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.