लेकीची शर्यतीची सायकल : फ्रेम कशाची घ्यावी?

बचत गटात कर्जाचे अर्ज येतात ते शेळीसाठी, शिलाई मशीनसाठी, नाहीतर मुलांच्या फीसाठी. आता शर्यतीच्या सायकलीसाठीही येऊ लागलेत. सकाळी दौलताबादचा घाट चढून खुलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या सायकलींत मुलीही दिसतात, त्यामुळे याचं आम्हाला नवल नाही. नवल वाटलं ते किमतीचं. एवढ्यात म्हैस येते, असं बैठकीत एकीनं बोलूनही दाखवलं! आणि सायकल मोडली तरी गटाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून ती कोणत्या धातूची आहे, हे आईनंही समजून घ्यायला हवं.

शाळेला जाणाऱ्या मुलींच्या साध्या सायकली पोलादी असतात. दणकट, पण जड. रोड बाईकमध्येही स्वस्तातली पोलादी फ्रेम साध्या, हाय-टेन्साइल पोलादाची असते. ती घाटात दम काढते. क्रोमोलीची गोष्ट वेगळी. त्यात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं असतं, त्यामुळे नळ्या पातळ ठेवूनही मजबूत राहतात. लोहचुंबक दोन्हींना चिकटतो, तेव्हा नळीवरचं लेबल वाचा. पोलादाचा मोठा गुण म्हणजे तडा गेला तर चांगला वेल्डर तो सांधू शकतो. गंजण्याची भीती आहे, पण आपली हवा कोकणासारखी दमट नाही. पावसात भिजली की पुसून ठेवायची, एवढं पुरतं.

दुकानात जास्त दिसते ती अ‍ॅल्युमिनियमची. आपलं जर्मनचं पातेलं! वजन पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी. म्हणून तिच्या नळ्या जाडजूड असतात. ती गंजून झडत नाही. पण जर्मनची वाकलेली कड सरळ करायला गेलं की चिरते, तसंच हिचं. वेल्डिंगनंतर या फ्रेमला बहुधा भट्टीत ठरावीक उष्णता द्यावी लागते, तेव्हा ताकद परत येते. कोपऱ्यावरच्या वेल्डरकडे ती सोय नसते. म्हणजे तडा गेला की फ्रेम गेलीच म्हणायची. वॉरंटीचा कागद दुकानदाराकडून शिक्क्यासह घ्या.

कार्बन म्हणजे वाकळच समजा. धाग्यांच्या कापडाचे थर वेगवेगळ्या दिशांनी रचायचे आणि टाक्यांऐवजी रेझिननं घट्ट करायचे. सगळ्यात हलकी, मोठ्या शर्यतींत हीच असते. मात्र पडल्यावर आतले थर सुटले तर वरून रंग जसाच्या तसा दिसू शकतो. म्हणून वापरलेली कार्बन फ्रेम स्वस्तात मिळाली तरी गटाच्या पैशातून घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे. टायटॅनियम गंजत नाही, वर्षानुवर्षं टिकतं, पण ते आपल्या आवाक्यातलं नाही. सोडून देऊ.

मुली हलक्या सायकलीसाठी हट्ट धरतात. त्यांना सांगा, आंतरराष्ट्रीय नियमात ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल रोड शर्यतीत चालतच नाही. चांगली क्रोमोली आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या फ्रेममध्ये फरक साधारण अर्ध्या-पाऊण किलोचा, म्हणजे पाण्याच्या एका बाटलीएवढा. शिवाय पंधरा वर्षांची पोर अजून वाढणार. दोन वर्षांत फ्रेम लहान पडली तर महागडी घेऊन काय केलं?

आम्ही सुचवतो ती नवी अ‍ॅल्युमिनियमची, पुढचा चिमटा कार्बनचा मिळाला तर उत्तम. माहितीतली, न वाकलेली जुनी क्रोमोली मिळत असेल तर तीही घ्या. अ‍ॅल्युमिनियम फार हादरे देतं म्हणतात, पण आपल्या रस्त्यांवर फ्रेमपेक्षा टायर जास्त सांभाळून घेतं. २८ मिलिमीटरचं बसतं का विचारा, आणि हवा दगडासारखी ठासून भरू नका.

दुकानात मुलीला सोबत न्या. मधली दांडी दोन पायांत घेऊन उभी राहिल्यावर तिचे तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत, आणि दांडी अंगाला लागता कामा नये. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीवर बसतो, ती सुटी बदलता येते का तेही पाहा. सायकल उजव्या बाजूला पडली की आधी ती वाकते. बदलता आली तर थोड्या पैशात काम भागतं. हेल्मेटचे पैसे मात्र कर्जाच्या अर्जातच धरा.