ट्रकातली जागा रिकामी करू या

(शतकपूर्ती सोहळ्यात दुपारच्या सत्रात पहाटेच्या मंडळींनी केलेलं भाषण)





आम्ही कीर्तनकार नाही. आमच्यात दोन टाळकरी आहेत, विणेकरी बाबा आहेत, एक पखवाजी, स्वयंपाकाच्या तंबूत राबणाऱ्या मावश्या आणि बाकीचे शेतकरी. विषयही देहाचाच आहे, वजनाचा. शंभर वर्षांच्या सोहळ्यात पोटाचा विषय कशाला काढला, असं कुणी म्हणेल. पण माऊली, वारी पायांनी होते, आणि पोटाचं ओझं पायांनाच वाहावं लागतं. म्हणून थोडं ऐकून घ्यावं, ही विनंती.

जुनी मंडळी सांगतात, पूर्वी दिंडीबरोबर सामानाची एक बैलगाडी असायची. तिच्यात शिधा, राहुट्या आणि भांडी. गाडीत माणूस बसलेला दिसला की लोक विचारायचे, 'काय झालं हो यांना?' आता आपले दोन ट्रक आहेत आणि सामानावर माणसं बसलेली असतात. वय झालेल्यांनी बसावंच, आजाऱ्यानं बसावंच. त्याबद्दल आमचं काही म्हणणं नाही. पण पंचेचाळीस-पन्नाशीची माणसं बसायला लागली. कुणाचा गुडघा, कुणाचा दम, कुणाची शुगर. आम्हीही त्यांतलेच होतो, हे आधी कबूल करतो.

आमचे डोळे उघडले ते दिवे घाटात. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुण्याहून सासवडची मजल मोठी, त्यात घाटाचा चढ. निम्म्या चढावर विणेकरी बाबा थांबले. तीस वर्षं ज्यांच्या गळ्यातली वीणा वाटेत कधी दुसऱ्याकडे गेली नव्हती, त्यांनी ती उतरवली, घेणाऱ्याच्या पाया पडले, आणि दोघांच्या खांद्यावर हात टाकून ट्रककडे गेले. ट्रकात बसल्यावर उपरण्यात तोंड घालून रडले. रात्री मुक्कामाला एवढंच म्हणाले, "पाय माझे, पण मी त्यांना वर्षभर काय दिलं?"

त्या प्रश्नावर आम्ही घरी परतल्यावर बसलो. आरोग्य उपकेंद्रातल्या ताईंकडे जाऊन सगळ्यांनी वजन केलं, कंबर मोजली. त्यांनी सांगितलं, आपल्याकडच्या पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की शुगर आणि हृदयाच्या दुखण्याचा धोका वाढतो. त्या मापात आमच्यातले मोजकेच बसले. गंमत म्हणजे आम्ही सगळे नुकतेच २५० किलोमीटरच्या वारीवरून आलो होतो. कुणाचं वजन जायच्या आधी होतं तेवढंच, आणि दोघांचं तर वाढलेलं!

असं कसं झालं? आम्ही हिशेब मांडला. माणूस एक किलोमीटर चालला की साधारण ५० कॅलरी खर्च होतात. आता एकादशीचा फराळ घ्या. आमच्या मावश्यांनी सांगितलं, एका माणसामागे १०० ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाण्याचं कूट, दोन चमचे तूप. साबुदाण्याच्या ३५० कॅलरी, कुटाच्या १७०, तुपाच्या ९०. झाल्या सहाशेच्या वर. म्हणजे एका ताटलीसाठी बारा किलोमीटर चालायला हवं. सासवड-जेजुरीची निम्म्याहून जास्त वाट त्या एका ताटलीतच संपली. वर दुसऱ्यांदा वाढून घेतलं, वाटेत कुणी केळं दिलं, कुणी लाडू, कुणी बिस्किटाचा पुडा. दात्याला नाही म्हणवत नाही आणि जिभेलाही म्हणवत नाही.

चहाचं तसंच. दिवसाला सहा कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली, तर १२ चमचे, म्हणजे ६० ग्रॅम. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर साखर एकट्याच्या पोटात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी. आम्ही दुपारच्या जेवणाआधीच ती मर्यादा ओलांडत होतो.

आणि वारीचे वीस दिवस सोडले तर उरलेलं वर्ष कसं जातं? आजा मोट हाकायचा, नांगरामागे चालायचा, बाजाराला पायी जायचा. त्याच्या ताटात पाच भाकरी शोभायच्या. आता नांगरट ट्रॅक्टर करतो, पाणी बटणावर येतं, अर्ध्या किलोमीटरवरच्या रानात आपण मोटारसायकलवर जातो. कष्ट उतरले, भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या, आणि त्यांच्या जोडीला फरसाण आलं. दोष कुणाचा नाही, पण हिशेब चुकलाय.

मग आम्ही नेम धरला. माळकऱ्याला नेम शिकवावा लागत नाही. एकादशी चुकत नाही, हरिपाठ चुकत नाही. तसाच हा एक.

पहिला नेम चालण्याचा. काकड आरती झाली, की देवळापासून ओढ्याच्या पुलापर्यंत आणि परत. आधी वीस मिनिटं, मग तीस, पुढे पाऊण तास. आठवड्याला किमान १५० मिनिटं झालीच पाहिजेत. वेग किती, तर शेजारच्याशी बोलता येईल, पण अभंग चढ्या सुरात म्हणू गेलो तर दम लागेल इतका. गुडघेदुखीवाल्यांना ताईंनी एक सोपा व्यायाम दिला: उताणं झोपायचं, एक पाय दुमडायचा, दुसरा ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पाच आकडे मोजायचे, सावकाश खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. त्यानं मांडीला बळ येतं आणि गुडघ्याला आधार मिळतो. संध्याकाळी हरिपाठात पावली धरली तर तोही व्यायामच आहे. नुसतं भिंतीला टेकून टाळ वाजवू नये.

दुसरा नेम ताटाचा. अर्ध्या ताटात भाजी आणि काकडी-मुळा-कोशिंबीर, पाव ताटात मटकी-हुलग्याची उसळ किंवा घट्ट वरण, आणि राहिलेल्या पाव ताटात भाकरी नाहीतर भात. ज्वारी-बाजरी सोडायची नाही, फक्त मोजायची. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा. पहिले आठ दिवस चहा काढ्यासारखा लागला. महिन्याभरानं जुना चहा पाकासारखा लागायला लागला. एकादशीला साबुदाणा निम्मा, त्याऐवजी ताक, एखादं फळ, उकडलेलं रताळं. उपवास म्हणजे देवाच्या जवळ राहणं. आपण पातेल्याच्या जवळ राहत होतो.

तिसरा नेम जोडीचा, आणि आमच्या मते खरी किल्ली हीच. पंढरीला एकटाही जाता येतं, पण दिंडीत असलो की पाय आपोआप उचलतात. मागं पडलेल्यासाठी कुणीतरी थांबतं. म्हणून आम्ही दोघादोघांच्या जोड्या लावल्या. एक जण पहाटे देवळात दिसला नाही, तर दुसऱ्यानं त्याच्या दारावर जायचं. रागवायचं नाही, 'माऊली, चला' एवढंच म्हणायचं. थंडीत कितीदा तरी आम्ही केवळ दारात जोडीदार उभा आहे या लाजेनं उठलो.

चुकाही झाल्या, त्या सांगितल्या नाहीत तर भाषण खोटं होईल. भिशीतून उरलेल्या पैशांतून वजनकाटा आणला आणि तो चावडीवर मांडला. आकडा मोठ्यानं वाचला जायचा, पोरं हसायची. दुसऱ्या महिन्यात बाया यायच्या थांबल्या, दोन गडीही थांबले. एका मावशीनं तोंडावर सांगितलं, "आम्हाला तुमच्यासमोर तोलायला आम्ही काय धान्याची पोती आहोत?" खरं होतं. तेव्हापासून काटा देवळामागच्या खोलीत आहे. दर दशमीला सकाळी एकेकानं जायचं, आपल्या वहीत आपण लिहायचं. कुणाच्या पोटाची चेष्टा करायची नाही, हा नियमच केला.

त्याच मावशीनं आणखी एक गोष्ट शिकवली. घरातली बाई शेवटी जेवते आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलते. तिला 'कमी खा' सांगून काय उपयोग? घरात स्वयंपाकच मोजून व्हायला हवा आणि सगळ्यांनी एकत्र बसायला हवं. आमच्या काही घरांत आता तसं होतं, काहींत अजून नाही.

दुसरी चूक जिवावरची होती. शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या आमच्या एका टाळकऱ्यानं उत्साहानं निर्जळी एकादशी केली, गोळीही घेतली आणि चालायला आला. पुलाजवळ घाम फुटला, हातपाय थरथरले, खाली बसला. साखरपाणी दिलं, दवाखान्यात नेलं, वाचला. म्हणून हात जोडून सांगतो: शुगर, रक्तदाब किंवा हृदयाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण तोडू नका, उपवास वाढवू नका, गोळीही मनानं बंद करू नका. छातीत दुखलं तर चालणं तिथंच थांबवा आणि दवाखाना गाठा.

घाईही नको. आठवड्याला अर्धा किलो उतरला तरी खूप झालं; आमचा तर महिन्याला कसाबसा एक किलो उतरायचा. तेवढ्यानं काय होतं, असं वाटेल. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांपैकी ज्यांनी सात टक्के वजन उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा असा नेम धरला, त्यांच्यात सुमारे तीन वर्षांत मधुमेहाचं प्रमाण इतरांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ८० किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच किलो. आणि गुडघ्याचं गणित असं, की वजन एक किलो उतरलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं उतरतो.

विणेकरी बाबांचं वजन दिवाळीपर्यंत तीन किलो उतरलं, दिवाळीत दोन किलो परत आलं. ते खचले. त्यांचा जोडीदार पाडव्यानंतरच्या सकाळी दारात जाऊन उभा राहिला. पुढच्या ज्येष्ठापर्यंत सात किलो उतरलं. म्हणजे पावलागणिक २८ किलो, अर्ध्या पोत्याहून जास्त ओझं गुडघ्यावरून गेलं.

त्या वर्षी दिवे घाटात बाबा तीनदा थांबले. तिन्ही वेळा वीणा गळ्यातच होती. माथ्यावर पोहोचल्यावर पाणी मागितलं, डोळे पुसले आणि पुढचा अभंग धरला. आम्हाला मागून टाळ सावरेना. पुढं एका मजलेला गुडघा सुजला तेव्हा ते एक दिवस ट्रकात बसले, हेही सांगतो. पण त्या दिवशी ते रडले नाहीत. म्हणाले, "उद्या उतरायचंय." आणि उतरले.

आमच्यातले सगळे टिकले नाहीत. काही गळाले, काहींचं वजन परत आलं. त्यांच्यासाठी दार उघडं आहे. मागं पडलेल्याला दिंडी सोडत नाही.

शताब्दीच्या निमित्तानं दिंडीकडे चार मागणी आहेत. चहात साखर निम्मी करावी. एकादशीला साबुदाण्याबरोबर फळ आणि ताक ठेवावं. पंगतीत वाढप्यांनी नामाचा आग्रह करावा, बुंदीचा करू नये. आणि प्रत्येक गावात अशी पहाटेची मंडळी उभी राहावी. काटा नसेल तर आमचा न्यावा.

आपल्या आधीच्या लोकांनी शंभर वर्षं ही दिंडी पायांवर चालवून आपल्या हाती दिली. पुढच्यांना ती पायांवरच द्यायची आहे. ट्रकातली जागा म्हाताऱ्या-आजाऱ्यांसाठी मोकळी राहू द्या. आपण खाली उतरू या. आषाढ लांब आहे असं म्हणू नका, उद्या पहाटे देवळापाशी या.

बोलण्यात उणं-अधिक झालं असेल तर लेकरं समजून पदरात घ्यावं.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!