तळपायांची आग



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. असे उभे राहून बोलण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे. मी व्याख्यान देणार नाही. माझ्या हातून झालेली एक चूक तेवढी सांगते.

माझ्या सासूबाईंना बारा वर्षांपासून मधुमेह. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही तळपायांची आग होई, मुंग्या येत, सुया टोचत. पांघरुणाचा स्पर्शही सोसत नसे. आपल्या नागपूरचा उन्हाळा. आम्ही म्हटले, उष्णता असेल. काशाच्या वाटीने तूप चोळले, सब्जा दिला. थंडीतही कुरकुर थांबेना, तेव्हा मी मनात म्हणे, सुनेकडून पाय चेपून घ्यायचे हे निमित्त! देव मला क्षमा करो.

पुढे एका मे महिन्यात त्या भर दुपारी गच्चीवर कुरड्या उलटवायला अनवाणी गेल्या. खाली आल्या तो तळव्यांना फोड, आणि त्यांना पत्ताच नाही! जे पाय रात्रभर जळत, त्यांना खरा चटका मात्र कळला नाही.

फोड बरे झाल्यावर डॉक्टरांनी तपासणी केली. आधी नुसते प्रश्न: जळजळ होते का? विजेचा झटका बसल्यासारखे वाटते का? मुंग्या, बधिरपणा, खाज? मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा तंतू तळव्यावर वाकेपर्यंत टेकवला. सासूबाई मला विचारतात, "अगं, लावला का दोरा?" माझ्या डोळ्यांत पाणी आले. नंतर अंगठ्याच्या हाडावर कंप पावणारा चिमटा, टाचणी, घोट्यामागे छोटी हातोडी. मोठे यंत्र काही लागले नाही. रक्तात बी-१२ जीवनसत्त्वही पाहिले; मेटफॉर्मिनच्या गोळ्या बरीच वर्षे घेतल्याने ते कमी होते आणि त्यानेही अशाच मुंग्या येतात.

डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा बिघडल्या आहेत. वेदनेवर औषध मिळाले, झोप लागू लागली. पण गेलेली जाणीव परत आली नाही.

भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते. मोठेपणी होणारा मधुमेह पुष्कळदा उशिरा ध्यानात येतो. म्हणून तो कळला त्याच वेळी आणि पुढे दरवर्षी पाय तपासून घ्यावेत. दुखत नसले तरीही.

आज घरी गेल्यावर घरातल्या मधुमेही माणसाला एवढेच विचारा, "रात्री पाय जळतात का हो?" आणि उत्तर ऐकताना माझ्यासारखे मनात काही म्हणू नका.