जंगलातील यंत्र आणि यंत्रावरचा माणूस

(अभ्यासवर्गातील भाषण)



यंत्राने उत्पादन वाढते की नाही, हा प्रश्न लाकूडतोडीच्या धंद्यात केव्हाच निकालात निघाला आहे. ते वाढीव उत्पादन कोणाच्या पदरात पडते आणि त्याची किंमत कोणाचे शरीर चुकवते, हा प्रश्न मात्र शिल्लक आहे. या दृष्टीने स्वीडनमधील जंगल-कामगारांचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे.

कुऱ्हाड आणि हातकरवत जाऊन साखळीची यांत्रिक करवत आली, तेव्हा श्रम हलके झाले खरे. पण तिच्या सततच्या कंपनाने बोटांतील रक्तप्रवाह मंदावून बोटे पांढरी पडू लागली. त्यात मजुरी पीस-रेटने. घाई करावी तर जीव धोक्यात, न करावी तर चूल थंड! 1975 साली हजारो जंगल-कामगारांनी युनियनच्या अधिकृत पाठिंब्याची वाट न पाहता संप पुकारला आणि मासिक पगाराची मागणी केली. त्यानंतर पीस-रेटची पद्धत बव्हंशी मागे पडली, आणि गंभीर अपघातही कमी झाले.

पुढे 1980 च्या दशकात करवतीची जागा झपाट्याने हार्वेस्टरने घेतली. आपल्याकडे पीक कापणाऱ्या यंत्राला हेच नाव आहे, पण हे यंत्र निराळे. त्याच्या लांब यांत्रिक हाताच्या टोकाशी असलेले डोके झाड धरते, बुंध्याशी कापते, फांद्या सोलते, खोडाची लांबी-जाडी मोजते आणि ओंडके पाडते. कोठे कापल्यास लाकडाला अधिक भाव येईल, हे केबिनमधील संगणक सुचवतो. मागून येणारे फॉरवर्डर ओंडके उचलून रस्त्याकडेला रचते. पूर्वी अनेक माणसांना दिवसभर पुरेल इतके काम एकटा चालक काही तासांत उरकतो. मात्र पाठीचे दुखणे मानेत आणि खांद्यांत शिरले: दर झाडामागे डझनावारी निर्णय, बोटांच्या त्याच त्या सूक्ष्म हालचाली, उत्तरेकडील हिवाळ्याच्या अंधारात दिव्याच्या झोतावर खिळलेली नजर.

या ताणावर तंत्रज्ञानाने उपाय शोधले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. उतारावरही समतल राहणारी केबिन आली. पूर्वी यांत्रिक हात वळवणे, उचलणे, दुमडणे, लांबवणे या क्रिया चालकाला वेगवेगळ्या चालवून मनातल्या मनात जुळवाव्या लागत. 2013 साली जॉन डिअर कंपनीने फॉरवर्डरसाठी जी नियंत्रणप्रणाली बाजारात आणली, तिच्यात चालक हाताचे टोक कोठे न्यायचे एवढेच सांगतो; सांध्यांचा हिशेब संगणक करतो. मेंदूवरचा भार उतरतो, नवशिकाही लवकर तयार होतो.

परंतु नेमका येथेच पेच आहे. जे कौशल्य मिळवण्यास वर्षे लागत, ते लवकर येऊ लागले की कसबी कामगाराची सौदाशक्ती घटण्याचा धोका असतो. शिवाय आज स्वीडनमध्ये बहुतेक यंत्रे लाकूड कंपन्यांची नाहीत. कंपन्यांनी मोठ्या प्रमाणावर काम बाहेर सोपवले आणि कित्येक चालकच लहान ठेकेदार बनले. कर्ज त्यांचे, डिझेल त्यांचे, मोडतोडही त्यांची. आणि मोबदला बहुधा घनमीटरवर. म्हणजे संपाने पुढच्या दाराने हाकललेला पीस-रेट मागच्या दाराने, मालकीचा कोट घालून, परत आला! उत्पादकता वाढली की पुढल्या करारात दर खाली ओढण्यास कंपनीला तीच वाढ सबब म्हणून पुरते.

आणखी एक गोष्ट युनियन कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावी. यंत्रातील संगणक खोडाची मापे नोंदवतो, तसाच चालक किती वेळ राबला आणि यंत्र किती वेळ थांबले याचीही नोंद ठेवू शकतो. ही नोंद चालकाच्या हाती असेल तर तिच्यावरून केबिन, आसन, विश्रांती आणि पाळ्या सुधारता येतात. एकाच यंत्रावर दोन चालकांच्या कामात मोठी तफावत का पडते, हेही शिकता येते. तीच नोंद फक्त कंपनीच्या कचेरीत गेली, तर ती मुकादमाची वही ठरते. म्हणून करारात दरासोबत या नोंदीवरील चालकाचा हक्कही लिहून घेतला पाहिजे, आणि तोही यंत्र खरेदी होण्यापूर्वी. कर्जाचा पहिला हप्ता सुरू झाल्यावर घासाघीस करण्याचे बळ फारसे उरत नाही.