शिडाच्या होडीतून भेटलेले शेजारी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावरून साहित्य, संगीत व इतिहास या विषयांवर अधिकारी वक्त्यांची भाषणे आपण ऐकलीत. माझ्यासारख्या सरकारी नोकराने काय बोलावे, असे मी चिटणिसांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही उभयता ओडिशात होडीतून हिंडत होतात ना? तेच सांगा." त्यांच्या आज्ञेने उभा आहे. मी प्राणिशास्त्राचा अभ्यासक नाही, बी. ए.ला माझा विषय इतिहास होता. शिवाय जन्म वऱ्हाडातला. पाणी म्हणजे विहिरीचे, एवढीच आमची कल्पना! आमच्या सौ. मात्र गुहागरच्या. समुद्राची ओढ त्यांची, आणि होडीत पहिले पाऊल टाकण्याचे धैर्यही त्यांचेच.

इथे बदली होण्यापूर्वी आम्ही सात वर्षे भुवनेश्वरला होतो. मुले शिक्षणासाठी बाहेर पडलेली. हिवाळ्यात सुट्टी जोडून आली की आम्ही चिलिकेच्या काठी सातपाड्याला जात असू. चिलिका हे नुसते सरोवर नव्हे. एका चिंचोळ्या वाळूच्या पट्ट्याने समुद्रापासून अलग झालेले ते विस्तीर्ण खारे-गोडे पाणी आहे. पावसाळ्यात त्याचा विस्तार अकराशे चौरस किलोमीटरांच्या वर जातो, उन्हाळ्यात तो नऊशेच्या आसपास उतरतो. १९८१ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत भारतातील ज्या दोन जागा प्रथम आल्या, त्यांतली ही एक, दुसरी भरतपूरची. पुढे समुद्राकडचे तोंड गाळाने बुजत गेले, पाण्यातला खारेपणा घटला, मासळी रोडावली. तेव्हा सप्टेंबर २००० मध्ये सातपाड्याच्या बाजूला नवे मुख उघडण्यात आले आणि सरोवराला पुन्हा श्वास मिळाला.

आमचा नावाडी साठीच्या पुढचा होता. आम्ही त्याला 'मउसा' म्हणत असू, तो सौ.ना 'मा' आणि मला 'बाबू' म्हणे. इतरांप्रमाणे त्याच्याही होडीला मोटार होती. परंतु खाडीच्या मध्यावर आल्यावर ती बंद करून शीड लावावे, असा आमच्या सौ.चा आग्रह असे. मउसाला त्याचे आश्चर्य वाटे, आणि आनंदही होई. शीड भरले की होडीचा आवाज उरत नाही. फक्त फळीखाली पाण्याची चुळचुळ ऐकू येते. अशाच निवांत वेळी आपल्या पाठीमागे कोणीतरी दीर्घ निःश्वास टाकल्यासारखा आवाज येतो. वळून पाहावे तो करड्या रंगाची गुळगुळीत पाठ आणि तिच्यावरचा बुटका गोलसर पर पाण्याखाली जाताना दिसतो. हा इरावती डॉल्फिन.

चित्रात पाहतो तशी याला लांब चोच नसते. डोके वाटोळे, कपाळ पुढे आलेले, आणि मुद्रा अशी की नुकतेच काही गमतीचे ऐकून आला असावा. तो क्वचितच उडी मारतो. श्वासापुरता वर येतो आणि जातो. विशेष म्हणजे नाव ब्रह्मदेशातल्या नदीचे असले, तरी ज्या नमुन्यावरून शास्त्रज्ञांना त्याची प्रथम ओळख पटली, तो १८५२ साली आपल्याच विशाखापट्टणमच्या बंदरात मिळालेला होता. रिचर्ड ओवेन यांनी १८६६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. चिलिकेत आज हे प्राणी दीडशेच्या आसपास आहेत. इतक्या माणसांचे तर आपले मंडळही नाही! एखादे कुटुंब गेले तर मंडळाला जे वाटते, ते या आकड्याकडे पाहताना मला वाटते.

धोका कशाचा? जाळ्यांत अडकण्याचा, आणि आपल्यासारख्या हौशी पाहुण्यांचा. डॉल्फिन दिसला की चहूबाजूंनी मोटारींच्या होड्या त्याच्यावर धावतात. हा प्राणी गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा ध्वनीच्या आधारे वावरतो; त्याला तो गोंगाट म्हणजे आपल्या डोळ्यांवर कोणी सतत विजेरी मारावी तसा असणार. पंख्याच्या पात्यांनी जखमा होतात त्या निराळ्याच. मउसा म्हणे, "त्याच्या मागे जाऊ नये बाबू. थांबावे. त्याला वाटले तर तो येतो." प्राणी पाहण्याचा याहून चांगला नियम मला कुठल्याही पुस्तकात आढळला नाही.

दुसरे शेजारी समुद्रातले. गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्या नदी समुद्राला मिळते. तिथून एका जानेवारीत पहाटे आम्ही एका कोळ्याच्या शिडाच्या होडीतून, जाळे न घेता, किनाऱ्याला धरून निघालो. लाटांचा फेस ओलांडताना माझे दोन्ही हात फळीला घट्ट, सौ. शांतपणे पदर खोचून बसलेल्या. बाहेर पाणी स्थिरावले, तेव्हा त्यांनी बोट दाखवले. तरंगत्या लाकडाच्या ओंडक्यावर एक कुरव बसला होता. ओंडक्याने मान वर काढून श्वास घेतला, तेव्हा कळले की ते कासव आहे. थोड्याच अंतरावर दुसरे, मग तिसरे. काही जोडीने तरंगत होती. "यांचाही संसार दोघांचाच दिसतो," असे सौ. म्हणाल्या.

ही ऑलिव्ह रिडले कासवे. कवच दोन सव्वादोन फूट लांब, वजन चाळीस किलोच्या आसपास. हिवाळ्यात ती या किनाऱ्याजवळ जमतात आणि बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये माद्या हजारोंनी एकाच वेळी वाळूवर येऊन अंडी घालतात. एक मादी शंभरावर अंडी घालते, वाळू लोटते आणि मागे वळून न पाहता परत जाते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात. वाळूच्या उष्णतेवर ती नर होणार की मादी हे ठरते. उष्णता वाढली की माद्याच अधिक. काही वर्षी कासवे मोठ्या संख्येने येतच नाहीत. २०२५ साली मात्र ऋषिकुल्येच्या एकट्या किनाऱ्यावर जवळजवळ सात लाख माद्या आल्या.

कासव पाण्यात राहत असले तरी फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात ते अडकले की गुदमरून मरते. त्यासाठी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात या किनाऱ्यालगतच्या ठरावीक पट्ट्यात मासेमारीवर बंदी असते. बंदी योग्यच आहे. परंतु आमच्या त्या कोळ्याने सांगितलेली गोष्ट मी शासकीय नोकर असूनही, किंबहुना असल्यामुळेच, आपणांस सांगितली पाहिजे. तो म्हणाला, "कासव म्हणजे कूर्मावतार. आम्ही त्याला मारत नाही, कुत्र्या-कोल्ह्यांपासून त्याची राखण करतो. पण सात महिने चूल कशावर पेटवायची? माझा मुलगा सुरतेला यंत्रमागावर गेला." गंजामची हजारो मुले अशी सुरतेला आहेत. सरकार मदत देते. पण मदतीने पोट भरते, मुलगा घरी येत नाही. एका जिवाचे घर राखण्यासाठी दुसऱ्याने घर सोडावे, हा हिशेब अजून जुळायचा आहे. आणि जोवर किनाऱ्यावरच्या माणसाला त्यात न्याय्य वाटा मिळत नाही, तोवर कागदावरची बंदी पाण्यावर टिकणार नाही, असे माझे नम्र मत आहे.

आपल्या कोकणात याचे एक आशादायक उदाहरण आहे. वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखली. पुढे कासवे पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची सोय गावातल्याच घरांतून होऊ लागली, आणि राखणीबरोबर चार पैसेही गावात आले.

आणि आता एक बातमी, जिने आमच्या घरी दिवाळीसारखा आनंद झाला. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पायाला क्रमांकाचा बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये अंडी घालण्यासाठी वाळूवर आली, ती गुहागरला! दक्षिणेला वळसा घालून सुमारे साडेतीन हजार किलोमीटर पोहून. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे निरनिराळी मानली जात. या एकीने त्या समजुतीला धक्का दिला. सौ.नी ते वाचून माहेरी दूरध्वनी केला आणि विचारले, "आमच्याकडची पाहुणी नीट पोचली ना?"

बंधुभगिनींनो, 'आमच्याकडची' म्हणताना त्यांच्या मनात ओडिशा होता, की गुहागर, हे मी विचारले नाही. परप्रांतात पंचवीस-तीस वर्षे काढलेल्या आपणा सर्वांची स्थिती तीच आहे. बिल्ला एका किनाऱ्याचा, घरटे दुसऱ्या किनाऱ्यावर. दोन्ही किनाऱ्यांवर माणसे चांगली असली म्हणजे झाले. म्हणून आपण जिथे आहोत तिथल्या नदीतले, खाडीतले, तळ्यातले जीव कोण आहेत, त्यांची राखण कोण करतो आणि त्या राखणाऱ्याची चूल कशी चालते, एवढी चौकशी मंडळाने अवश्य करावी. सहल काढायची तर मोटार बंद करून थोडा वेळ थांबणारी होडी निवडावी. मुलांना तिथे शांत बसायला शिकवावे.